चावी सगळ्यात शेवटी

बरीच वर्षं उभी असलेली गाडी सुरू करायची ठरली की घरातला उत्साही माणूस आधी नवी बॅटरी आणतो, ती जोडतो आणि चावी फिरवतो. इंजिन घरघरतं, पण पेटत नाही. मग तो पुन्हा पुन्हा सेल्फ मारत राहतो. पाच मिनिटांत नवी बॅटरी उतरते, सेल्फ तापतो आणि सिलिंडरच्या भिंतींवर तेलाचा ओलावाही उरलेला नसताना पिस्टन शेकडो वेळा कोरडे घासले जातात. इतकी वर्षं उभी राहून झालं नसेल तेवढं नुकसान त्या पाच मिनिटांत होतं.

म्हणून मुख्य गोष्ट आधीच सांगतो. चावी सगळ्यात शेवटी फिरवायची. त्याआधीचं काम डोळ्यांनी, नाकाने, हातांनी आणि एका साध्या टेस्ट लॅम्पने करायचं. रोज चालणारी गाडी झिजून बिघडते. उभी गाडी वाळून, गंजून आणि चिकटून बिघडते. समोर आलेल्या प्रत्येक भागाबद्दल 'नुसतं उभं राहून याचं काय झालं असेल?' एवढं विचारत गेलं, तर शोध निम्म्यावर येतो.

उदाहरणासाठी प्रीमियर पद्मिनी घेऊ. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली, सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं आणि शतक पालटण्याच्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. पण पुण्या-नाशिकच्या बंगल्यांच्या पोर्चमध्ये, कोल्हापूर-सांगलीकडच्या वाड्यांत, कोकणातल्या घरांच्या पडवीशेजारी ताडपत्रीखाली अशा गाड्या अजून उभ्या आहेत. बहुतेक वेळा त्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या असतात आणि म्हणून विकल्या जात नाहीत. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एक कार्बोरेटर, एक कॉइल, पॉइंट-कंडेन्सरवालं डिस्ट्रिब्युटर, एवढाच तिचा पसारा. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू घरच्या अंगणात तपासता येते. अँबॅसॅडर, स्टँडर्ड हेराल्ड किंवा जुनी जीप असली तरी क्रम हाच, फक्त आकडे त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यायचे.

बोनेट उघडा आणि नुसतं बघा

पहिली अर्धी सकाळ कुठल्याही पान्याला हात लावू नका. टॉर्च घेऊन बोनेटखाली, गाडीखाली आणि डिकीत नीट बघा. उंदीर आपल्याकडच्या उभ्या गाडीचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. एअर क्लीनरच्या डब्यात त्याचं घरटं असतं, वायरींची वरची साल कुरतडलेली असते आणि उघड्या तारा एकमेकींना किंवा बॉडीला टेकलेल्या असतात. अशा अवस्थेत बॅटरी जोडली तर गाडी सुरू होण्याआधी पेटू शकते. एअर क्लीनरचं झाकण काढा, आतली काडी-कापूस साफ करा. सायलेन्सरच्या तोंडात आणि उघड्या नळ्यांत कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय का तेही बघा. सायलेन्सर बुजलेला असेल तर ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक असूनही इंजिन दोन-चार फेऱ्यांत गुदमरून बंद पडतं, आणि त्याचं कारण शोधण्यात माणसं दिवस घालवतात.

मग ऑइलची डिपस्टिक काढा. पातळी बघाच, पण तिचा वासही घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल, तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटून किंवा कार्बोरेटर भरून वाहून पेट्रोल खाली चेंबरमध्ये उतरलेलं आहे. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला धरून ठेवत नाही. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलंय. थोडा दुधाळपणा झाकणाखाली दमटपणानेही येतो, पण डिपस्टिकवरच तसं दिसलं तर हेड गॅस्केटचा संशय धरा आणि गाडी सुरू करायचा विचार तिथेच थांबवा. एरवीही मी नवं ऑइल आणि नवा फिल्टर घातल्याशिवाय पुढे जात नाही. रेडिएटरमध्ये पाणी आहे का, होजपाइप दाबल्यावर लवचीक लागतो की वाळक्या सालीसारखा कडकडतो, हेही याच वेळी बघून घ्या.

आणि एक अग्निशामक नळकांडं जवळ ठेवा. पुढे पेट्रोलच्या उघड्या नळ्या आणि ठिणग्या दोन्ही हाताळायच्या आहेत.

इंजिन हाताने फिरतं का?

गाडी न्यूट्रलमध्ये घाला, चाकांना दगड लावा. प्लगच्या वायरी काढण्याआधी प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नंबर घाला. पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. दोन वायरी जरी अदलाबदल झाल्या तरी चांगली गाडीसुद्धा सुरू होणार नाही, आणि मग नसलेला बिघाड शोधत बसावं लागेल. चारही प्लग काढा. काढण्याआधी प्लगच्या खळग्यातली माती फुंकून किंवा ब्रशने काढा, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

प्रत्येक भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा आणि गाडी रात्रभर तशीच राहू द्या. दुसऱ्या दिवशी हँडलने, ते नसेल तर पुढच्या पुलीच्या नटवर पाना लावून इंजिन हळूहळू फिरवा. प्लग काढलेले असल्याने ते सहज फिरायला हवं. दोन पूर्ण फेऱ्या एकसारख्या जोराने झाल्या तर फार मोठी काळजी मिटली. मधेच कडक लागलं तर तिथेच थांबा, थोडं मागे या, पुन्हा पुढे न्या. अजिबात हललं नाही तर इंजिन जाम आहे. त्यावर लांब पाइप लावून जोर करू नका, आणि गाडी गिअरमध्ये घालून दुसऱ्या गाडीने ओढण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गंजाने धरलेली रिंग त्या झटक्यात तुटते आणि सिलिंडरला ओरखडा पाडते. पातळ तेल घालून आठ-दहा दिवस वाट बघणं आणि रोज थोडा हलका दाब देणं हाच त्यावरचा उपाय. बरीचशी जाम इंजिनं एवढ्यानेच सुटतात. जी सुटत नाहीत त्यांचं हेड उघडावंच लागतं.

सेल्फ काय सांगतो ते ऐका

आता बॅटरीकडे येऊ. दोन-तीन वर्षं चार्जिंगविना पडलेली बॅटरी बहुधा संपलेलीच असते. तिला चार्जर लावून बघा, पण तिच्यावर आशा ठेवू नका. चार्जिंग काढून काही तास झाल्यावर मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे. १२ च्या खाली असेल तर रिकामी. खरी परीक्षा मात्र भार पडल्यावर होते. सेल्फ मारताना व्होल्टेज दहाच्या फार खाली घसरत असेल तर बॅटरी कामाची नाही, मग मोकळी असताना ती काहीही दाखवो. जोडण्याआधी गाडीचं अर्थिंग कुठल्या टोकाला आहे ते पक्कं करा. पन्नास-साठच्या दशकातल्या काही ब्रिटिश गाड्यांत प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं, आणि काही गाड्या सहा व्होल्टच्याही आहेत.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आला असेल तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि आतला धातू चकचकीत होईपर्यंत घासा. एवढं सगळे करतात. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी मात्र कोणी बघत नाही. ती जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे रंगाखाली गंज धरतो. बाहेरून घट्ट दिसते, आतून तुटल्यासारखीच असते. सेल्फला शंभर अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो, आणि तो जितका जातो तितकाच परत यावा लागतो. ती पट्टी सोडवा, दोन्ही बाजू घासा, पुन्हा आवळा. माझ्या मते उभ्या गाडीवर करण्यासारखं याहून फलदायी आणि फुकट काम दुसरं नाही.

प्लग अजून बाहेरच असू द्या, कॉइलची चावीकडून येणारी वायर काढून ठेवा आणि मग पहिल्यांदा सेल्फ मारा. या वेळी इंजिन सुरू करायचं नाहीये. प्लग नसल्याने ते सैलपणे वेगात फिरेल आणि ऑइल वरपर्यंत चढेल. दहा सेकंद मारा, मिनिटभर थांबा, पुन्हा मारा. ऑइलचा दिवा विझेपर्यंत किंवा गेजचा काटा हलेपर्यंत हेच. कॉइलची वायर काढायची याचं कारण असं की प्लगच्या भोकांतून जुन्या पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि तिथे एक ठिणगीही नको.

सेल्फ फिरलाच नाही, तर हेडलाइट लावून चावी मारा आणि दिव्यांकडे बघा. दिवे एकदम मंद झाले तर प्रवाह निघालाय पण पुरत नाहीये. म्हणजे बॅटरी कमजोर, अर्थिंग खराब किंवा सेल्फ आतून अडकलेला. दिव्यांवर काहीच परिणाम झाला नाही तर प्रवाह सेल्फपर्यंत पोचतच नाही. म्हणजे चावीचा स्विच, सोलेनॉइड किंवा मधली वायर. नुसती टकटकटक होत राहिली तर बहुधा बॅटरी, आणि एकच मोठा 'टक' होऊन शांतता पसरली तर सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट किंवा सेल्फचे ब्रश. काही जुन्या गाड्यांत सेल्फ नुसताच सुर्रकन फिरतो आणि इंजिन जागचं हलत नाही. पुढची दातेरी चकती वाळलेल्या ग्रीसमुळे शाफ्टवर अडकून बसलेली असते, म्हणून असं होतं. सेल्फ काढून ती रॉकेलने धुतली की काम होतं. तिथे पुन्हा ग्रीस मात्र थापू नका, नाहीतर धूळ धरून ती परत अडकेल.

ठिणगी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. सेल्फ चांगला फिरतोय आणि गाडी पेटत नाही, अशा उभ्या गाड्यांमध्ये मी आधी पॉइंट बघतो. कारण सरळ आहे. पॉइंटची दोन टोकं टंगस्टनची असतात आणि ती दर फेरीला उघडझाप होऊन स्वतःला साफ ठेवतात. गाडी उभी राहिली, त्यात आपला पावसाळा गेला, की त्यांच्यावर डोळ्याला धड दिसतही नाही असा करडा थर धरतो. टोकं एकमेकांना टेकलेली दिसतात पण त्यांच्यातून प्रवाह जात नाही.

हे ओळखायला साधा बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प पुरतो. कॉइलला दोन छोटी टर्मिनल असतात. एकात चावीकडून वीज येते, दुसऱ्यातून ती डिस्ट्रिब्युटरकडे जाते. जुन्या लुकास कॉइलवर त्यांना एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरं असतात, नंतरच्यांवर प्लस-मायनस. काढून ठेवलेली वायर पुन्हा जोडा आणि चावी ऑन करा. आधी चावीकडच्या टर्मिनलवर लॅम्प लावून बघा. पेटला नाही तर कॉइलपर्यंत वीजच नाही, मागे फ्यूज आणि स्विचकडे जा. पेटला तर लॅम्पचं एक टोक बॉडीला आणि दुसरं डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला लावून कोणालातरी इंजिन हळू फिरवायला सांगा. या वेळी प्लग जागेवर बसवलेले असू द्या, आणि कॉइलमधून निघणारी मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटर कॅपमधून काढून तिचं टोक बॉडीच्या स्वच्छ धातूला टेकवून ठेवा. पॉइंट उघडले की लॅम्प पेटायला हवा, मिटले की विझायला हवा. तसा तो लुकलुकत असेल तर कॉइलची पहिली बाजू, पॉइंट आणि त्यांच्यातली वायर ठीक आहे. लॅम्प कायम पेटलेलाच राहिला तर पॉइंट मिटूनही प्रवाह जात नाहीये. हाच तो करडा थर. कायम विझलेला राहिला तर पॉइंट उघडतच नाहीत, किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे, किंवा आतली छोटी वायर बॉडीला टेकतेय, किंवा कॉइलच आतून तुटलीय. शेवटच्या शंकेसाठी मल्टिमीटर लावा. बॅलास्ट रेझिस्टरशिवायच्या कॉइलच्या दोन छोट्या टर्मिनलांमध्ये साधारण ३ ते ४ ओहम मिळतात.

थर काढायला बारीक पॉइंट-फाइल किंवा अगदी बारीक पॉलिश पेपरची घडी टोकांमधून दोन-तीनदा ओढा, मग कोरा जाड कागद पेट्रोलमध्ये बुडवून ओढा, म्हणजे कण राहत नाहीत. मग टोकं पूर्ण उघडी असताना फीलर गेजने अंतर बघा. साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असतं, नेमका आकडा मॅन्युअलचा घ्या. टोकांवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी दिसली तर घासत बसू नका, पॉइंटचा सेट बदला आणि कंडेन्सरही बदला. जुना कंडेन्सर फेकून मात्र देऊ नका. बाजारात हल्ली मिळणाऱ्या कंडेन्सरचा दर्जा फार खालावला आहे आणि कधीकधी नव्यापेक्षा तीस वर्षांपूर्वीचा जास्त भरवशाचा निघतो.

आता प्रत्यक्ष ठिणगी. ती मधली जाड वायर बॉडीवरून उचला आणि तिचं टोक इंजिनच्या स्वच्छ धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा, पण हाताने नाही, वाळलेल्या लाकडी चिमट्याने. आसपास पेट्रोल सांडलेलं नको. इंजिन फिरवल्यावर निळसर, जाड, चटचट आवाज करणारी ठिणगी उडाली तर कॉइल उत्तम. पिवळी, लालसर, सुतासारखी बारीक असेल तर कंडेन्सर किंवा कॉइल कमजोर. इथे ठिणगी चांगली आणि प्लगवर मात्र नाही, असं झालं तर दोष मधे, म्हणजे रोटर, कॅप किंवा वायरींमध्ये आहे. कॅप काढून उजेडात फिरवून बघा. आतल्या बाजूला पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ एका खुंटीपासून दुसरीकडे गेलेली दिसली तर ठिणगी तिथूनच पळतेय. दमट हवेतल्या गाड्यांत ही रेघ हमखास सापडते. मधला कार्बनचा बारीक दांडा स्प्रिंगवर वरखाली होतो का, की जागेवर नाहीच, तेही बघा. नुसता ओलावा असेल तर कॅप कोरड्या कापडाने पुसून उन्हात ठेवली की पुरे.

चावी ऑन ठेवून गाडी तशीच सोडून चहाला जाऊ नका. पॉइंट मिटलेल्या स्थितीत असले तर कॉइलमधून सतत प्रवाह वाहतो आणि ती अर्ध्या तासात भाजून निकामी होऊ शकते.

पेट्रोल

पेट्रोल शिळं होतं. त्यातला चटकन पेटणारा हलका भाग उडून जातो आणि मागे उरतो तो चिकट, व्हार्निशसारखा डिंक. टाकीचं झाकण उघडून वास घ्या. ताज्या पेट्रोलचा झणका नाकाला बसतो. शिळ्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास येतो. तो आला तर त्या पेट्रोलवर गाडी सुरू करायची नाही, मग टाकीत कितीही लिटर असो. सगळं बाहेर काढा आणि ते गटारात किंवा मातीत ओतू नका, झाकणाच्या डब्यात साठवून गॅरेजवाल्याला द्या, पार्ट धुवायला ते चालतं.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता जवळपास सगळीकडे तेच मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. उभ्या टाकीत पुरेसं पाणी जमलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं, आणि पंपाकडे जाणारी नळी तळातूनच ओढते. टाकीचा पत्रा आतून गंजतो, आणि या मिश्रणासाठी न बनवलेले जुने रबरी पाइप आणि पडदे फुगतात, मऊ पडतात. पद्मिनीच्या काळातल्या रबराला हे पेट्रोल ठाऊकच नव्हतं. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे इथेनॉल झेपणाऱ्या पाइपचे घालून घ्या. खर्च थोडा, निर्धास्तपणा मोठा.

ठिणगी चांगली असूनही गाडी पेटत नसेल तर कार्बोरेटरच्या तोंडात चमचाभर, चमचाभरच, ताजं पेट्रोल सोडा, डबा दूर नेऊन ठेवा, एअर क्लीनर परत बसवा आणि मग सेल्फ मारा. उलटी ज्वाळा आली तर ती क्लीनर अडवतो. गाडी क्षणभर पेटून बंद पडली तर ठिणगी आणि टायमिंग दोन्ही ठीक आहेत आणि दोष पेट्रोल पोचण्यात आहे, एवढं एका चमच्यात कळतं. पुढे कोणी ठिणगीकडे परत वळू नये.

मग कार्बोरेटरला येणारी नळी सोडवून तिचं टोक बाटलीत धरा, कॉइलची वायर काढा आणि सेल्फ मारा. गाडीच्या पेट्रोल पंपाने, म्हणजे एसी पंपाने, ठसठशीत पिचकाऱ्या मारायला हव्यात. काहीच आलं नाही तर पंपाला दोष देण्याआधी पंपाच्या मागच्या, टाकीकडच्या नळीकडे बघा. पंपाच्या पुढे भेग असली तर पेट्रोल गळतं आणि लगेच दिसतं. मागे भेग असली तर एक थेंब गळत नाही, पंप त्या भेगेतून नुसती हवा ओढतो. हे ध्यानात न घेता कित्येक चांगले पंप बदलले जातात. खात्रीसाठी पंपाच्या मागच्या तोंडाला एक नवा तुकडा जोडून तो थेट पेट्रोलच्या बाटलीत बुडवा. आता पिचकाऱ्या आल्या तर पंप चांगला, दोष टाकीच्या बाजूला. तरीही आल्या नाहीत तर पडदा वाळून कडक झालाय किंवा आतले छोटे व्हॉल्व चिकटलेत.

पंपातून पेट्रोल येतंय आणि गाडी तरी उपाशी असेल तर कार्बोरेटर उघडायची वेळ आली. फ्लोट चेंबरचं झाकण काढल्यावर तळाला तपकिरी डिंक आणि गंजाचा चुरा दिसेल. निडल व्हॉल्व त्यात चिकटून मिटलेला असेल तर पेट्रोल आत येत नाही. चिकटून उघडा राहिला तर पेट्रोल वाहून जातं आणि प्लग भिजतात. जेट काढून कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करा. त्यात तार किंवा टाचणी घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की कायमचं मोठं होतं. फ्लोट कानाजवळ हलवा. आत खळखळ ऐकू आली तर त्यात पेट्रोल शिरलंय आणि तो बुडतोय.

चोकची केबल ओढल्यावर कार्बोरेटरवर खरंच काहीतरी हलतंय का ते डोळ्यांनी बघा. वर्षानुवर्षं न हललेली केबल आत गंजते आणि डॅशवरची मूठ नुसतीच हातात येते. तोंडाशी पाती असेल तर ती पूर्ण मिटली पाहिजे. पाती नसून बाजूला केबलने फिरणारी छोटी तबकडी असेल, तर थंड इंजिन सुरू करताना चोक ओढून ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. त्या रचनेत थ्रॉटल उघडला की चोकचा ओढा तुटतो. मी कित्येकांना पाय दाबत, घामाघूम होत सेल्फ मारताना पाहिलं आहे. पाय काढला की गाडी सुरू.

हे सगळं ठीक असूनही

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी इंजिन नुसतंच फिरतंय आणि फिरण्याचा आवाज एकसारखा, सैल, बिनदमाचा येतोय, तर कॉम्प्रेशन बघा. गेज असेल तर उत्तम, नसेल तर प्लगच्या भोकावर अंगठा दाबून एकेक सिलिंडर. अंगठा उडाला पाहिजे. चारही आकडे एकमेकांच्या जवळपास असणं हे एकेका आकड्यापेक्षा महत्त्वाचं. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा चिकटल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व. गाडी ज्या क्षणी बंद केली त्या क्षणी जे व्हॉल्व उघडे होते ते वर्षानुवर्षं उघडेच राहतात, त्यांच्या सीटवर गंज बसतो, दांडा गाइडमध्ये धरतो. टॅपेट कव्हर काढून इंजिन हाताने फिरवताना कुठला व्हॉल्व वर येत नाही ते दिसतं. दोन शेजारच्या सिलिंडरांचा आकडा पडला असेल तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट गेलेली असते.

या सगळ्यात एक गोष्ट मी कटाक्षाने पाळतो आणि तुम्हीही पाळा. जे उभं राहून बदलत नाही त्याला हात लावायचा नाही. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प कोणी हलवला नसेल तर टायमिंग आहे तिथेच आहे. कार्बोरेटरचे मिक्श्चर आणि आयडलचे स्क्रू आपोआप फिरत नाहीत. शेवटच्या दिवशी गाडी नीट चालत होती ना? मग त्या दिवशीची सेटिंग बरोबरच होती. गाडी सुरू होत नाही म्हणून स्क्रू पिळायला, डिस्ट्रिब्युटर थोडं 'ॲडव्हान्स' करून बघायला सुरुवात झाली की एका बिघाडाचे तीन होतात आणि मूळ कोणता होता ते कोणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, बदललेली वहीत लिहा, फरक पडला नाही तर ती पूर्ववत करा. मेकॅनिक बोलवायचा तर पॉइंटच्या गाड्यांवर हात बसलेला जुना माणूस शोधा, आणि तुमची वही त्याच्या हातात द्या. त्याचा अर्धा दिवस वाचेल.

आता चावी. नव्या पेट्रोलचे पाच लिटर टाकीत, चोक ओढलेला, न्यूट्रलची खात्री, एक माणूस बोनेटपाशी. दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारायचा नाही. रिकामा फ्लोट चेंबर भरायला पहिले एक-दोन प्रयत्न जातात, त्याने घाबरू नका. इंजिन धरलं की सिलिंडरमध्ये घातलेल्या ऑइलचा निळा-पांढरा धूर मिनिट-दोन मिनिटं निघेल. रेस देऊ नका, फक्त बंद पडणार नाही इतपत ठेवा. नजर ऑइलच्या दिव्यावर असू द्या. सुरू झाल्यावर चार-पाच सेकंदांत तो विझला नाही तर लगेच बंद करा. बोनेटपाशी उभ्या माणसाने पेट्रोलच्या प्रत्येक जोडाकडे, वॉटर पंपाकडे आणि होजकडे बघत राहायचं. वीसेक मिनिटं चालवून, तापमान स्थिरावल्यावर बंद करा आणि खाली कुठे थेंब पडलेत ते बघा.

इंजिन सुरू झालं म्हणजे गाडी रस्त्यावर न्यायला तयार झाली असं नाही. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते. पेडल दाबूनही गिअर करकरत असेल तर तीच शंका धरा. ब्रेकचं जुनं ऑइल पाणी पिऊन बसलेलं असतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजलेले असतात, म्हणून चारही ड्रम उघडून बघितल्याशिवाय अंगणाबाहेर पडू नका. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी दहा वर्षांपूर्वीचे टायर बदलायचेच. आरसी, विमा आणि पीयूसी यांची मुदतही याच वेळी बघा. गाडी पन्नास वर्षांपलीकडची आणि मूळ रूपात असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते, मात्र मग ती रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, पुन्हा एकदा सुरू करून बघा. पहिल्या दिवशीच्या चमचाभर पेट्रोलने आणि नव्या बॅटरीच्या जोरावर झाकलेले दोष या वेळी उघड होतात. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी गाडी खरोखर पाच-सात किलोमीटर फिरवा. जागेवर दोन मिनिटं सुरू करून बंद करण्याने ऑइलमध्ये पाणीच जमतं.